गाभारा गेला, ओवऱ्या राहिल्या

आमच्या गावात आजाराचं निदान गावच करतं. डॉक्टर लागतो तो फक्त औषधाचं नाव लिहायला. वडप्याच्या नाक्यावरून आत वळलं आणि दोन्ही बाजूंची गोदामं संपत आली, की आमचं गाव लागतं. पूर्वी तिथे भाताची खाचरं होती. आता पत्र्याची छपरं आहेत. दुपारचं ऊन पडलं की ती पाणी भरलेल्या खाचरासारखी चमकतात. शेती गेली म्हणून कोणी हळहळतो, पण आमचं एक पीक अजून बारमाही आहे, ते म्हणजे शहाणपण. त्याला खत लागत नाही, पाऊस लागत नाही. नाक्यावर एक बाकडं आणि चहाचा एक कप एवढ्यावर ते वाढतं.

या पिकाचे मोठे बागायतदार म्हणजे दामूशेठ. जमीन गोदामाला दिल्यापासून ते रोज सकाळी त्या बाकड्यावर बसतात आणि दुपारी जेवायला उठतात. देवळाच्या कमिटीत ते आहेत, कबड्डीच्या सामन्यात पंच तेच, आणि कोणाच्या गुडघ्यात पाणी झालं तर त्याचाही सल्ला तेच देतात. त्यांची बायको हौसा. ही गोष्ट तिची आहे, पण आमच्याकडे बाईच्या गोष्टीची सुरुवातही नवऱ्यापासून करण्याचा रिवाज आहे, तो मी पाळला.

हौसा चोपन्न वर्षांची. घरात बसून तिला जमत नाही. गोदामात रिटर्नचा माल येतो, म्हणजे लोकांनी मागवून परत पाठवलेली खोकी, त्या विभागात ती आठ वर्षं आहे. खोक्यावर लिहिलेलं असतं निळा शर्ट, आणि आत निघतो जुना टॉवेल. लिहिलेलं असतं मिक्सरचं भांडं, आत निघते वीट. म्हणून हौसाचा एक नियम आहे: उघडून बघितल्याशिवाय सही नाही. सुपरवायझर मनोज घाई करतो, "मावशी, चिठ्ठी बरोबर हाय ना, मारा सही." ती म्हणते, "चिठ्ठी तुझी बरोबर हाय रे, खोकं खोटं बोलतंय." आणि पट्टी कापते.

अशा बाईच्या बाबतीत बारा वर्षं एक खोकं न उघडता राहिलं. ते तिचं स्वतःचं.

बारा वर्षांपूर्वी तिला रक्तस्राव थांबत नव्हता. भिवंडीच्या एका दवाखान्यात तिची पिशवी काढली. पिशवी हा आमच्याकडचा फार मोठा शब्द आहे. पुरुषाच्या पोटात जठर असतं, यकृत असतं, पित्त असतं, रुसवाही असतो. बाईच्या पोटात बेंबीखाली फक्त पिशवी असते. तिथे जे काही दुखतं ती पिशवी, जे सुजतं ती पिशवी, आणि ती एकदा काढली की खाली सगळं मोकळं मैदान. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी नातेवाइकांना आत बोलावलं होतं, काढलेलं दाखवायला. दामूशेठ आत गेले, बाहेर आले, रुमालाने तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "बगितलं मी. सगळं साफ केलं."

ते वाक्य त्यांनी नाक्यावर सांगितलं, दोन लग्नांत सांगितलं, एका दहाव्याला सांगितलं. गावाने ते कोरून ठेवलं. त्यानंतर हौसाचे गुडघे दुखले, तर गाव म्हणालं, पिशवी काढलीय ना, म्हणून. चष्मा लागला, तर पिशवी काढलीय ना. भाजीत मीठ दोनदा पडलं, तेही त्याच खात्यावर. एकोणपन्नासाव्या वर्षी तिला अंगातून वाफा यायला लागल्या, थंडीतही मानेला घाम फुटायचा, तेव्हा मात्र गावाने वेगळं निदान केलं. गोदामात पंखे कमी आहेत, असं ठरलं.

आणि मग या वर्षी नाडी आखूड झाली.

हौसाच्या परकराची नाडी गाठ मारून वीतभर लोंबायची. ती पूर्वीपासून तशीच ठेवायची, आवडीने. संक्रांतीला तिच्या लक्षात आलं की टोक आता चार बोटंच उरतंय. होळीला दोन बोटं. हात-पाय होते तसेच, गाल तर बसलेले, पण कंबरेला कपडा पुरेना. दोन घास खाल्ले की पोट गच्च. गोदामात तासाला लघवीला उठावं लागायचं आणि मनोज घड्याळ बघायचा.

शेजारची गुणाबाई ओट्यावर बसून मटारच्या शेंगा सोलत होती, तिला हौसाने हळूच सांगितलं.

"सुनंच्या हातचं लागलं तुला," गुणाबाई म्हणाली. "मना बग, माझी सून अशी रांधते का माझं पोट आतच जातंय."

"अगं, जेवन जात न्हाय मना. आन पोट येतंय."

"मंग गॅस. पिशवी काढलेल्या बाईला दुसरं काय व्हनार? हाय काय तिथं?"

हौसाला आक्का आठवली, तिची आई. हौसा तेव्हा नुकती लग्न होऊन गेलेली. माहेरी गेली की आक्काची लुगड्याची गाठ दर खेपेला थोडी वर सरकलेली दिसायची. पोट वाढत गेलं, माणूस वाळत गेलं. तिथल्या गावाने सांगितलं, जलोदर. मग सांगितलं, करणी. ज्या बाईने करणी केली म्हणून बोट दाखवलं ती बिचारी आक्काच्या आधीच वारली, तरी गावाने निदान मागे घेतलं नाही. त्या गावात काय, आमच्या गावात काय, दिलेलं निदान परत घेत नाहीत. रिटर्नचा विभाग फक्त गोदामात आहे.

हौसा भ्याली होती ती याला. मरणाला नव्हे, तसं ती म्हणाली. आक्कासारखं, काय झालंय हे शेवटपर्यंत न कळता जाण्याला.

घरी दामूशेठनी ओव्याचं पाणी सुरू केलं होतं. सकाळी ओवा, रात्री ओवा. पंधरा दिवसांनी पोट तसंच आणि घरभर ओव्याचा वास. सून रुचिका काल्हेरच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला, भिवंडी शहरातली मुलगी, आणि बोलायची कमी. तिने एक दिवस हौसाच्या ताटात उरलेली पाऊण भाकरी बघितली आणि म्हणाली, "आई, उद्या मी हाफ डे घेतेय. आपण सोनोग्राफी करून येऊ. बाबांना आल्यावर सांगू."

भिवंडीचे खड्डे चुकवत रिक्षा पोचली तेव्हा हौसाने पोट दोन्ही हातांनी धरलं होतं. सोनोग्राफीच्या खोलीच्या मागे यंत्रमागाची खटखट चालू होती. जेल लावणारी मुलगी म्हणाली, "आंटी, साँस रोको," आणि हौसाने श्वास रोखला तो बाहेर येईपर्यंत सोडलाच नाही म्हणे.

रिपोर्टात लिहिलं होतं ते रुचिकाने बाकावर बसून वाचलं. डाव्या ओव्हरीला मोठी गाठ, नारळाएवढी, आत पाणी आणि काही भाग घट्ट.

दुपारी दामूशेठ जेवायला आले तेव्हा तिने ते सांगितलं. त्यांनी भातावर आमटी घेतली, कालवली आणि मग मान वर केली.

"कंची ओवरी?"

"ओव्हरी, बाबा. आईंच्या पोटात."

"ओवरी देवळाला असते. मी कमिटीत हाय, मना नको सांगू."

"बाबा, ओव्हरी म्हणजे अंडाशय. शाळेत असतं ते."

"आज सोमवार हाय. अंड्याचं नाव काढू नको जेवताना."

दामूशेठनी ताक मागितलं आणि निकाल दिला. "यांच्या मशिनीत दुसऱ्या कुनाचं पोट आयलं असंल. हिचं सगळं काढलंय. मी सोता बगितलंय. एकदा काढलेलं दोनदा काढतात व्हय? माझ्यासमोर आना त्या डॉक्टरला."

डॉक्टरला समोर आणायची गरज पडली नाही. हौसा उठली आणि कपाटातला डबा घेऊन आली. त्यात रेशनकार्ड, मुलाचा, भावेशचा, जन्माचा दाखला आणि देवीचा अंगारा यांच्याखाली बारा वर्षांपूर्वीचं दवाखान्यातून सोडल्याचं कार्ड होतं. त्याची घडी कधी मोडलेलीच नव्हती. आमच्याकडे कागद जपून ठेवतात, वाचत नाहीत. वाचला की झिजतो.

"वाच," ती सुनेला म्हणाली. "मराठीत सांग. एक बी शब्द गाळू नको."

रुचिकाने वाचलं. गर्भाशय काढलं. दोन्ही अंडाशय निरोगी दिसल्याने तसेच ठेवले.

"काय ठेवलं?"

"दोन्ही ओव्हऱ्या, आई. काढल्याच नव्हत्या."

हौसाने नवऱ्याकडे बघितलं. रिटर्नच्या खोक्याची पट्टी कापताना ती जशी बघते, तशी.

"तुमी आत गेलेले. त्यांनी दाखवलं तवा काय व्हतं ट्रेमध्ये?"

दामूशेठनी ताकाचा पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. कबड्डीच्या सामन्यात दोन गावांना दम भरणारा हा माणूस. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "ट्रे दिसला. लाल व्हतं. मंग मी डोलं मिटलं."

"आन?"

"आन काय. डॉक्टर बोलला, बगितलं ना? मी बोललो, व्हय."

म्हणजे बारा वर्षं सगळं गाव ज्या निदानावर चाललं, ते मिटल्या डोळ्यांनी झालेलं होतं. आमच्या गावाच्या बाकीच्या निदानांची चौकशी मी त्यानंतर केली नाही. उगाच कशाला.

डॉक्टर माधवी यांच्याकडे तिघंही गेली. डॉक्टरबाई वयाने हौसाएवढ्याच, केस पिकलेले, बोलणं संथ. त्यांनी हौसाचं पोट तपासलं, रक्त तपासायला पाठवलं आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. रक्तातला जो आकडा कमी असायला हवा तो बराच वर होता.

हौसाने पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाई, तवाच का न्हाय काढल्या?"

"तेव्हा तुम्ही बेचाळीसच्या होतात," डॉक्टर म्हणाल्या. "पिशवी गेली तरी ओव्हऱ्या आपलं काम करत असतात. हाडं मजबूत राहतात, झोप लागते, हृदय सांभाळलं जातं. चांगल्या चालणाऱ्या ओव्हऱ्या त्या वयात उगाच काढल्या की बाई दहा वर्षं आधी म्हातारी होते. त्यांनी ठेवल्या ते बरोबरच केलं. नंतर कधी अंगातून वाफा निघाल्या होत्या का? घाम?"

"एकोनपन्नासाव्या वरसी."

"तेव्हा त्या थकल्या. काम थांबवलं त्यांनी."

"आमी पंख्याला दोष दिला," हौसा म्हणाली.

मग तिने आक्काबद्दल सांगितलं. लुगड्याची गाठ वर सरकत गेली ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ते ऐकलं, आणि आक्काला बहिणी होत्या का, त्यांना छातीत गाठ वगैरे झाली होती का, असं विचारलं. एका मावशीला झाली होती. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"साधी पाण्याची गाठ असती आणि वय कमी असतं, तर मी वाट बघितली असती, किंवा नुसती गाठ काढून ओव्हरी ठेवली असती. कधी ओव्हरी पीळ पडून काळी पडते, तेव्हा ती घाईने काढावी लागते. तुमचं तसं नाही. गाठीत घट्ट भाग आहे, रक्तातला आकडा वर आहे, आणि घरात हा इतिहास. ती कॅन्सरची आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही. न काढता ते कळणार नाही. दोन्ही काढायच्या, नळ्यांसकट, गाठ न फोडता. ऑपरेशन चालू असतानाच तिचा तुकडा तपासतील, आणि त्यावर पुढचं ठरेल."

दामूशेठ इतका वेळ गप्प होते. हा त्यांच्या आयुष्यातला विक्रम होता आणि तो त्यांना पेलवला नाही. "डॉक्टरीनबाई, डावीला गाठ हाय ना? मंग उजवी कशाला? ती चांगली हाय तं ऱ्हाऊ द्या."

"तिचं काम आता संपलंय. आणि आज डावीत जे झालं ते उद्या तिच्यात होऊ शकतं."

"आमच्या देवलात बी तसंच हाय," हौसा मध्येच बोलली. डॉक्टर तिच्याकडे बघायला लागल्या. "यांच्या कमिटीनं गाभारा नवा केला, टाइल्स लावल्या, फोटो काढलं. बाजूच्या दोन ओवऱ्या तशाच. मोडक्या खुर्च्या न् मांडवाचं कापड टाकलंय त्यात. आत काय वाढतंय ते एकानं बी बगितलं न्हाय. गेल्या सालात तिथून घोणस निघाली."

डॉक्टर माधवी हसल्या. दामूशेठ हसले नाहीत, कारण घोणस बघून पहिले तेच पळाले होते.

"मी इचार करून सांगतो," ते म्हणाले. "सही मना द्यायची हाय ना. नाक्यावर दोघा-चौघांशी बोलतो."

"सही त्यांची लागते," डॉक्टर म्हणाल्या. "पोट त्यांचं आहे."

हौसाने कागद पुढे ओढला. पण सही केली नाही. रुचिकाला म्हणाली, "वाच." सगळा कागद रुचिकाने वाचून दाखवला, खालच्या बारीक अक्षरांसकट. रक्त लागू शकतं, ते. गाठ वाईट निघाली तर जास्तीचं काढावं लागेल, ते. बाहेर रांगेतली बाई दोनदा डोकावून गेली. शेवटी हौसाने पेन घेतलं आणि गोदामात करते तशी, हौसा दामोदर, पूर्ण नाव लिहून, खाली रेघ मारून सही केली. मग नवऱ्याकडे वळली.

"तुमाला बी काम हाय. ऑपरेशन झालं की ते बोलवतील दाखवायला. तुमीच जायचं आत."

"रुचिका जाईल की."

"रुचिका न्हाय. तुमी. आन डोलं उघडं ठेवायचं."

ऑपरेशनचा दिवस गुरुवारचा होता. सकाळी हौसाला आत नेलं. बाहेर बाकावर दामूशेठ, रुचिका आणि सोबतीला आलेली गुणाबाई. गुणाबाईची पिशवीही कधीची काढलेली, त्यामुळे ती स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "रुचिका, माझं बी कार्ड वाचून दावशील का गं?" दामूशेठच्या खिशात ओव्याची पुडी होती, ती त्यांनीच खाल्ली.

साडेबाराला आतून नर्स आली. "हौसाबाईंचे कोण?"

दामूशेठ उठले. रुचिकाही मागे उठली, तर त्यांनी हात करून तिला बसवलं. दरवाजापाशी पोचल्यावर भिंतीला एक हात टेकला, एवढंच. मग आत गेले. गुणाबाई म्हणाली, "पडंल हा मानूस." तो पडला नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता, पण पायावर उभा होता.

"दोन," तो म्हणाला. "एक नारलासारखी. न फुटलेली. आन दुसरी बदामाएवढी. दोन नळ्या. मी डॉक्टरीनबाईला बोटानं दाखवायला लावलं."

मग बाकावर बसला आणि रुचिकाच्या ओढणीने तोंड पुसलं. तिने पुसू दिलं.

ऑपरेशन चालू असताना केलेल्या तपासणीत फार वाईट काही दिसलं नव्हतं, म्हणून आणखी काही काढलं नाही. तरी खरा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत हौसा घरी पडून होती आणि येणारी प्रत्येक बाई तिला काय झालं असेल ते सांगून जात होती. हौसा सगळ्यांना चहा द्यायला सांगायची. निदान कोणाचंच घेतलं नाही.

अकराव्या दिवशी डॉक्टर माधवींनी रिपोर्ट समोर ठेवला. "गाठ काठावरची आहे. पुरती बिघडलेली नाही, बिघडायच्या वाटेवर होती. सगळी निघाली आहे. औषधांची गरज नाही, पण दर चार महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही. आणि तुमच्या मुलीबाळींना, बहिणींना हे सांगून ठेवायचं."

"आक्काला बी हेच व्हतं का?" हौसाने विचारलं.

"आता सांगता येणार नाही. असू शकतं."

हौसाने मान हलवली. वडप्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा रुचिकाला म्हणाली, "करणी नव्हती गं. बिचारी ती बाई, फुकट बदनाम झाली." आणि पदराने डोळे टिपले. करणीचा आळ आलेल्या त्या बाईसाठी कोणी रडलं असेल, तर हौसा पहिली.

आता नाक्यावर नवं पीक आलंय. दामूशेठ बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात. "पिशवी येगली, ओवरी येगली. लोकांना म्हाईत न्हाय. मी बगितलंय ना, या डोल्यांनी." ते ओवरीच म्हणतात. गाव त्यांचं निदान पुन्हा कोरून ठेवतंय. फरक इतकाच, की या वेळी निदान बरोबर आहे, आणि त्यांना त्याची अजून सवय व्हायची आहे. देवळाच्या ओवऱ्याही त्यांनी साफ करून घेतल्या. आत काही निघालं नाही, तीन खुर्च्या तेवढ्या चांगल्या निघाल्या.

रविवारी दुपारी हौसाच्या ओट्यावर बायका येतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं दवाखान्याचं कार्ड. रुचिका वाचते. गुणाबाईच्या दोन्ही काढलेल्या निघाल्या. ते ऐकून तिला सुटल्यासारखंही वाटलं आणि थोडा रागही आला, मला विचारलं होतं का कोणी, असं ती म्हणाली. आल्यागेल्याजवळ ती ते अजून बोलते.

हौसा परवा गोदामात परत गेली. मनोज म्हणाला, "मावशी, हलका हलका माल देतो तुमाला." तिने पहिलं खोकं ओढलं. त्यावर लिहिलेलं होतं साडी. तिने कटर घेतलं, त्याआधी सवयीने परकराची गाठ चाचपली. नाडीचं टोक वीतभर लोंबत होतं. मग पट्टी कापली आणि आत बघितलं. साडीच होती. तेव्हा सही केली.